आगोर आणि गाळणी : जोधपूरच्या पेयजलाचा इतिहास आणि त्याची भाषा

१

जोधपूरच्या स्थापनेविषयी मारवाडात जी कथा सांगितली जाते, ती मुळात पाण्याची कथा आहे. इ.स. १४५९ मध्ये राव जोधा यांनी मंडोरची जुनी राजधानी सोडली आणि दक्षिणेस काही मैलांवर असलेल्या चिडियाटूंक या टेकडीवर मेहरानगढचा पाया घातला. या टेकडीवर एका झऱ्याच्या आश्रयाने चिडियानाथ नावाचा योगी राहत होता. किल्ल्यासाठी त्याला जागा सोडावी लागली. धुनीतले निखारे वस्त्रात बांधून तो निघाला आणि जाताना ‘या गडाला पाण्याचा दुष्काळ पडेल’ असा शाप देऊन गेला, असे कथा सांगते. त्याच्या परिमार्जनासाठी जोधांनी योग्याच्या गुहेजवळ स्थान बांधून दिले. आणि राजाराम मेघवाल या पुरुषाला पायात जिवंत पुरण्यात आले. त्याच्या कुटुंबाला देण्यात आलेल्या जमिनीची आणि त्याच्या स्मृतीची परंपरा आजही शहरात जिवंत आहे.

लोककथा म्हणून या आख्यानाचे स्वरूप परिचित आहे. विस्थापित तपस्वी, शाप आणि नरबळी हे तीनही घटक भारतातील अनेक दुर्गकथांत आढळतात. जोधपूरच्या कथेचे वेगळेपण असे की, पाण्याची टंचाई ही तेथे निसर्गाची देणगी ठरत नाही, ती एका अन्यायाचे फळ ठरते. ज्याच्या ताब्यात झरा होता त्याला हुसकावले गेले, आणि त्याची किंमत ज्याने मोजली तो समाजाच्या तळाशी असलेला होता. पाणी हा संबंधांचा प्रश्न आहे ही जाण या कथेत प्रारंभापासून आहे.

जोधपूरच्या पेयजलाचा त्यानंतरचा साडेपाचशे वर्षांचा इतिहास सामान्यतः दोन प्रकारे सांगितला जातो. एक प्रकार विकासाचा : तळी आणि बावड्या यांवर कशीबशी तगलेली नगरी अखेर हिमालयाच्या पाण्यापर्यंत पोहोचली. दुसरा प्रकार ऱ्हासाचा : जलसंवर्धनाची शहाणी परंपरा नळाने नष्ट केली. दोन्ही कथनांत एक महत्त्वाचा बदल झाकला जातो. पाणी शुद्ध राखण्याची जागाच या काळात बदलली. पूर्वी ती पाणी साठण्याच्या आधी होती. आता ती पाणी साठल्यानंतर आहे. पहिल्या व्यवस्थेचा मध्यवर्ती शब्द ‘आगोर’ हा होता, तर दुसरीचा ‘गाळणी’. या दोन शब्दांमधील अंतर मोजणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२

जोधपूरला वर्षाला सरासरी सुमारे ३६० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या काळातील मोजक्या दिवसांत. थरच्या वाळवंटाच्या पूर्व कडेवर वसलेल्या या नगरीजवळ बारमाही नदी नाही. परंतु तिच्यापाशी खडक आहे. मेहरानगढच्या पायथ्याशी मालाणी समूहाचा ज्वालामुखीजन्य खडक आणि त्यावरचा जोधपूर वालुकाश्म यांचा संधी स्पष्ट दिसतो. या स्थळाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे. पाणी सहजी न मुरू देणाऱ्या या उघड्या खडकावरून पावसाचे पाणी वेगाने वाहते. रेताड प्रदेशात जे पाणी वाळूत नाहीसे झाले असते, ते येथे उतारावर अडवता आणि वळवता येते. टेकडीची निवड संरक्षणासाठी झाली हे खरे. पण तीच टेकडी नगरीचे पहिले पाणलोट क्षेत्रही ठरली.

शहराहून जुना जलाशय म्हणजे बालसमंद. परंपरेनुसार प्रतिहार वंशातील बालक राव यांनी ११५९ मध्ये तो मंडोरच्या वाटेवर बांधला. किल्ल्याबरोबर राणीसर आले. जोधांची राणी जसमादे हाडी यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. राणीसर भरून वाहू लागले की त्याचे पाणी खालच्या पदमसरात उतरे. वरचे तळे गडाचे आणि खालचे नगराचे, अशी ही उतरंड होती. राणीसराचे पाणी रहाटांनी गडावर चढवले जाई. या तळ्यांकडे पाणी आणण्यासाठी टेकड्यांच्या कठीण खडकात हाताने खोदलेली वाट आज राव जोधा डेझर्ट रॉक पार्कच्या आवारात चालत पाहता येते. पाणी साठवण्याइतकेच ते साठ्यापर्यंत पोहोचवण्याचे श्रम मोठे होते, याची ती साक्ष आहे.

अठराव्या शतकात नगर गडाच्या पायथ्याशी पसरले आणि जलस्थाने खाली उतरली. महाराजा अभयसिंह यांच्या राणीने १७४० च्या दशकात बांधलेला ‘तूरजी का झालरा’ हा गुलाबी-तांबड्या वालुकाश्मातील पायऱ्यांचा चौकोनी जलाशय या काळातला. बावडीत एका बाजूने पायऱ्या लांबवर उतरत जातात. झालऱ्यात त्या तीन किंवा चारही बाजूंनी असतात, त्यामुळे पाणी कितीही खाली गेले तरी अनेकांना एकाच वेळी त्याच्याशी पोहोचता येते. घटत्या पातळीचा विचार वास्तूच्या आकृतीतच केलेला आहे. १७८८ मध्ये महाराजा विजयसिंह यांची पासवान गुलाबराय हिने भर वस्तीत गुलाबसागर बांधला. पासवान म्हणजे विवाहित राणीचा दर्जा नसलेली राजाची मान्यताप्राप्त स्त्री. दरबारात तिच्या प्रभावाविषयी तीव्र रोष होता आणि १७९२ मध्ये तिची हत्या झाली; तळे मात्र तिच्या नावाने राहिले. राणीसर, तूरजीचा झालरा आणि गुलाबसागर या तिन्हींच्या मागे स्त्रियांची नावे असणे हा योगायोग म्हणता येणार नाही. राज्याच्या व्यवहारात ज्यांना अधिकृत स्थान नव्हते, त्यांना पुण्यकर्माच्या मार्गाने नगराच्या इतिहासात कायमची जागा मिळवता येत होती. अहिल्याबाई होळकरांच्या घाट-बारवांमुळे हे मराठी वाचकाला अपरिचित नाही. अर्थात अहिल्याबाई स्वतः राज्यकर्त्या होत्या, गुलाबराय नव्हती.

मराठी वाङ्मयाला मारवाड प्रामुख्याने रणभूमी म्हणून ठाऊक आहे. विजयसिंहांना नागोरात कोंडून बसलेल्या जयाप्पा शिंद्यांची १७५५ मध्ये झालेली हत्या भाऊसाहेबांच्या बखरीत येते. पुढे १७९० मध्ये मेडत्याला महादजी शिंद्यांच्या फौजांनी राठोडांचा पराभव केला. गुलाबसागराचे साल या पार्श्वभूमीवर ठेवून पाहिले पाहिजे. १७८७ च्या लालसोटच्या लढाईनंतर शिंद्यांची पकड तात्पुरती सैल झाली आणि मेडत्याला ती पुन्हा घट्ट झाली. त्या दोहोंमधल्या थोड्या उसंतीच्या काळात राजधानीच्या मध्यभागी हे तळे उभे राहिले. एकाच राजाची कारकीर्द बखरीत खंडणी आणि वेढा यांच्या भाषेत दिसते, तर नगराच्या स्मृतीत ती पाण्याच्या भाषेत दिसते.

३

मारवाडातील पाणी तीन प्रकारच्या लेखनातून आपल्यापर्यंत पोहोचते : राज्याच्या नोंदी, दोहे आणि कथा, व आधुनिक प्रशासनाचे अहवाल. तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने पहिल्या दोहोंतील शब्दसंपत्ती विशेष मोलाची आहे.

सतराव्या शतकात महाराजा जसवंतसिंह यांचे दिवाण मुंहता नैणसी यांनी सिद्ध केलेली ‘मारवाड रा परगनां री विगत’ ही गावनिहाय नोंद महसुलासाठी केलेली आहे. गावात कोण राहते, काय पिकते, विहिरी किती, याबरोबरच तळ्यात पाणी किती महिने टिकते आणि ते आटल्यावर लोक कोठे पाणी पितात, असा तपशील तीत येतो. येथे पाण्याचे माप घनफळाचे नाही, ते काळाचे आहे. ‘आठ महिन्यांचे तळे’ आणि ‘चार महिन्यांचे तळे’ यांतील फरक हा गावाच्या वर्षाचाच फरक असतो. ज्या समाजात पाऊस हा वर्षातून एकदा होणारा प्रसंग असतो, तेथे ‘किती पाणी’ या प्रश्नाचा अर्थ ‘कधीपर्यंत’ असाच होतो.

‘ढोला-मारू’च्या दोह्यांत हाच प्रश्न प्रणयकथेच्या आत येतो. माळव्याची मालवणी आणि मरुदेशाची मारवणी या दोघी सवती एकमेकींच्या देशाची निंदा करतात, त्यात मरुदेशावर येणारा मुख्य आक्षेप खोल विहिरींचा आणि पाण्यासाठी झिजणाऱ्या रात्रींचा आहे. देशनिंदा आणि देशप्रशंसा हा जुना काव्यसंकेत येथे जलविज्ञानाच्या वास्तवावर उभा राहतो. मालवणीची निंदा अतिशयोक्त नाही. मारवणीचे उत्तरही तिचा इन्कार करत नाही. पाणी उथळ असणे हे देशाचे एकमेव भूषण नव्हे, एवढेच ते म्हणते.

पाण्याला जातिनिहाय नावे देणारी भाषा या प्रदेशात घडली. आभाळातून पडलेले आणि पृष्ठभागावर साठलेले ते ‘पालर’ पाणी. भूगर्भातील, बहुधा खारट, ते ‘पाताळ’ पाणी. आणि या दोहोंच्या मध्ये, जिप्समच्या थरामुळे खाली न उतरता वाळूत ओलाव्याच्या रूपाने अडकून राहिलेले ते ‘रेजाणी’ पाणी. अनुपम मिश्र यांच्या ‘राजस्थान की रजत बूँदें’ (१९९५) या हिंदी ग्रंथामुळे ही त्रिविध विभागणी मारवाडाबाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचली. या शब्दांना मराठीत थेट प्रतिशब्द नाहीत, कारण दख्खनच्या काळ्या कातळात रेजाणी पाणी संभवतच नाही. उलट ज्या वस्तू दोन्ही प्रदेशांत आहेत त्यांची नावे जवळची आहेत. मारवाडातील घराच्या अंगणाखालचा ‘टांका’ आणि सह्याद्रीच्या गडावरचे ‘टाके’ ही एकाच कुळातील नावे. ‘पखाल’ तर दोन्हीकडे तीच. मारवाडच्या ‘पणघटा’ला मराठीत ‘पाणवठा’ आणि ‘प्याऊ’ला ‘पाणपोई’ आहे. वस्तू प्रवास करतात तेव्हा शब्दही प्रवास करतात. भूगर्भ प्रवास करत नाही, म्हणून त्याचे शब्दही जागेवर राहतात.

नामकरणाची आणखी एक लकब लक्षणीय आहे. ‘सर’, ‘सागर’ आणि ‘समुद्र’ या शब्दापासून झालेला ‘समंद’ ही प्रत्ययवजा पदे मारवाडात माणसाने बांधलेल्या जलाशयांना लागतात. समुद्रापासून दूर असलेल्या या देशात पावसाच्या चार महिन्यांवर भरणाऱ्या तळ्याला समुद्र म्हटले जाते. हा केवळ काव्यात्म अतिरेक नव्हे. बांधणाऱ्याची अपेक्षा आणि वापरणाऱ्याची कृतज्ञता या दोन्हींची नोंद त्या नावात आहे.

४

या शब्दसंपत्तीतला सर्वांत भार वाहणारा शब्द म्हणजे ‘आगोर’. तळ्याकडे ज्या भूभागावरून पाणी वाहत येते तो आगोर. मराठी शासकीय परिभाषेतील ‘पाणलोट क्षेत्र’ हा त्याचा भौगोलिक प्रतिशब्द होईल, परंतु अर्थाने तो अपुरा आहे. पाणलोट क्षेत्र मोजले जाते. आगोर पाळला जातो. आगोरात पादत्राणे घालून जाऊ नये, तेथे मलमूत्रविसर्जन करू नये, गुरे चारू नयेत, पावसाळ्यापूर्वी तो झाडून घ्यावा, असे निर्बंध होते. घराच्या टांक्यासाठी छप्पर हाच आगोर असे. पहिल्या पावसाचे पाणी टांक्यात न घेता वाहू दिले जाई. पाण्याची शुद्धता ही पाण्यावर करायची क्रिया नव्हती, ती जमिनीवर पाळायची शिस्त होती.

या शिस्तीला जोडून गाळण्याचा आचार होता. जांभोजींनी (१४५१–१५३६) प्रवर्तित केलेल्या विश्नोई पंथाच्या एकोणतीस नियमांत पाणी गाळून पिण्याचा नियम आहे. जांभोजी हे राव जोधांचे समकालीन. म्हणजे जोधपूरची पहिली तळी बांधली जात होती त्याच काळात, त्याच प्रदेशात पाणी गाळणे हे धर्माचरण ठरत होते. जैन घरांत पाणी दुहेरी कापडातून गाळले जाई आणि कापडावर उरलेले सूक्ष्म जीव ज्या जलस्थानातून पाणी आणले तेथेच परत सोडले जात. या क्रियेमागचा हेतू पिणाऱ्याचे आरोग्य हा नव्हता. पाण्यातील जीवांचे प्राण वाचावेत हा होता.

परंतु येथेच परंपरेच्या गौरवाला थांबून विचार करावा लागतो. आगोराच्या शिस्तीने पाण्यात येणारी घाण अडत होती; पाण्यात उतरणारा माणूस अडत नव्हता. बावडी आणि झालरा यांची रचनाच अशी की पाणी भरण्यासाठी पाण्यापर्यंत उतरावे लागते, पाय बुडतात. नारूच्या रोगाचे चक्र नेमके याच क्षणावर आधारलेले आहे. रोग्याच्या पायातील फोड पाण्याच्या स्पर्शाने फुटतो, नारूची मादी त्यातून असंख्य अळ्या पाण्यात सोडते, त्या सायक्लॉप्स या सूक्ष्म जलजीवाच्या पोटात जातात, आणि तसे पाणी पिणाऱ्याच्या शरीरात सुमारे वर्षभराने नवा नारू तयार होतो. पायऱ्यांच्या विहिरी असलेला पश्चिम भारत या रोगाचा गड होता. महाराष्ट्रालाही नारू अपरिचित नव्हता. ज्या वास्तूंच्या सौंदर्याची आज छायाचित्रे काढली जातात, त्या पिढ्यान्‌पिढ्या लोकांना ऐन पेरणीच्या दिवसांत जायबंदी करत होत्या.

भारतात नारूच्या उच्चाटनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे घालून त्यांचे पोहऱ्याने उपसायच्या विहिरींत रूपांतर करणे, हातपंप बसवणे, पाण्यात कीटकनाशकाची अल्प मात्रा टाकणे आणि घरोघरी पाणी बारीक कापडातून गाळायला शिकवणे, हे त्याचे मुख्य उपाय होते. देशातील नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये आढळला, तो जोधपूर जिल्ह्यातच. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

सायक्लॉप्स कापडात अडकतो. म्हणजे अहिंसेच्या हेतूने पाचशे वर्षांपूर्वी सांगितलेली क्रियाच आरोग्य कार्यकर्त्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळ्या कारणासाठी पुन्हा सांगितली. आचार तोच, त्याचे समर्थन वेगळे. एका समर्थनात जीव वाचवण्यासाठी कापड होते, दुसऱ्यात तोच जीव दूर ठेवण्यासाठी. संस्कृतीच्या इतिहासात एखादी कृती टिकून राहते आणि तिचा अर्थ पूर्णपणे उलटतो, याचे इतके नेमके उदाहरण विरळा. त्याचबरोबर हेही मान्य करावे लागते की, हा आचार सर्वांच्या घरी नव्हता. गाळण्याचे पुण्य ज्यांच्या वाट्याला आले आणि गढूळ डबक्याचे पाणी ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यातील रेषा जातीची आणि गरिबीची होती. पायात पुरलेल्या राजारामाची कथा सांगणाऱ्या नगरात उच्चवर्णीयांच्या घाटांवर त्याच्या समाजाला मोकळा प्रवेश नव्हता. नळ आला तेव्हा त्याचे स्वागत सर्वांनी सारख्याच कारणाने केले असेल असे नाही.

५

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगराची तहान टेकडीच्या आगोराबाहेर गेली. १८७२ मध्ये सर प्रतापसिंह यांनी शहराच्या पश्चिमेस कायलाना हा जलाशय बांधला. विक्रम संवत १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या ‘छपनिया’ दुष्काळाने मारवाड उद्ध्वस्त केले. स्थानिक पावसावर विसंबलेली कोणतीही व्यवस्था, मग ती कितीही शिस्तीची असो, सलग अवर्षणापुढे टिकत नाही हे त्या वर्षाने दाखवून दिले. महाराजा उम्मेदसिंह यांच्या कारकिर्दीत (१९१८–१९४७) उम्मेदसागर झाला आणि पाली भागातील सुमेर समंदचे पाणी कालव्याने जोधपूरकडे आणण्यात आले. १९४६ च्या सुमारास सुमेरपूरजवळ जवाई नदीवर धरणाचे काम सुरू झाले, ते १९५७ मध्ये पूर्ण झाले. सुमारे दीडशे किलोमीटरांवरचे अरवलीच्या उतारावरील पाणी आता जोधपूरचे पेयजल झाले.

पुढचा टप्पा वेगळ्याच परिमाणाचा होता. बीकानेर संस्थानचे मुख्य अभियंता कंवर सेन यांनी १९४८ मध्ये हिमालयातील नद्यांचे पाणी थरमध्ये नेण्याची योजना मांडली. ३१ मार्च १९५८ रोजी राजस्थान कालव्याच्या कामाचा प्रारंभ झाला. पुढे त्याला इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले. सतलज आणि बियास यांच्या संगमाजवळ पंजाबातील हरिके येथे निघणारा हा कालवा पोषक कालव्यासह सुमारे ६४९ किलोमीटर लांबीचा आहे. त्याच्या मुख्य प्रवाहातून निघणारा राजीव गांधी उपसा कालवा पंपांनी टप्प्याटप्प्याने पाणी वर चढवत जोधपूरपर्यंत येतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हेच पाणी शहराचा मुख्य आधार झाले.

कालव्याचे पाणी आता कायलाना आणि त्याला लागून असलेल्या तखतसागरात येऊन साठते. जुनी तळी नव्या पाण्याची कोठारे झाली. तेथून ते कायलाना, चोपासनी इत्यादी ठिकाणच्या जलशुद्धीकरण केंद्रांत जाते. तुरटीमुळे पाण्यातील बारीक कण एकत्र येऊन गाळाच्या रूपाने खाली बसतात, वर निवळलेले पाणी वाळूच्या जलद गाळण्यांमधून जाते, आणि शेवटी क्लोरीन मिसळला जातो. नळाच्या टोकाशी दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा असा भारतीय मानकाचा निकष आहे. म्हणजे घरी पोहोचलेल्या पाण्यात निर्जंतुकीकरणाची खूण राहिली पाहिजे. पालर पाण्याची शुद्धता त्याच्या आगोरावरून ओळखली जाई. नळाच्या पाण्याची शुद्धता त्यात उरलेल्या रसायनावरून ओळखली जाते.

या व्यवस्थेने दिलेले लाभ निःसंशय आहेत. पश्चिम राजस्थानातील पाताळ पाणी अनेक ठिकाणी खारट आहे, त्यात फ्लोराइड आणि नायट्रेट यांचे प्रमाण मर्यादेपलीकडे आढळते. पेयजलात फ्लोराइड दर लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे मानक सांगते; त्याहून अधिक मात्रेने दात आणि हाडे कायमची बिघडतात. कालव्याच्या गोड्या पाण्याने या दुखण्यापासून शहराची सुटका केली. पाणवठ्यावरची जातीची रेष नळाने पुसली नाही, पण ती बरीच फिकी केली. राजस्थानात पाणीपुरवठा खात्याला ‘जलदाय विभाग’ म्हणतात. पाण्याची दाती पूर्वी राणी किंवा पासवान होती. आता दाता हे एक खाते आहे, आणि त्याच्याकडे पाणी कृपा म्हणून मागावे लागत नाही, हक्क म्हणून मागता येते. हा बदल लहान नाही.

६

मात्र या बदलाचे दोन परिणाम शापकथेच्या कर्त्यालाही सुचले नसते असे आहेत. पहिला परिणाम पायाखाली झाला. कालव्याचे पाणी आल्यानंतर विहिरी आणि बावड्यांचा उपसा थांबला. जलाशयांतून झिरपणारे, नळांच्या सांध्यांतून गळणारे आणि सांडपाण्यातून मुरणारे पाणी खाली जात राहिले. ज्या घट्ट खडकामुळे पूर्वी पावसाचे पाणी तळ्यांकडे धावत असे, तोच खडक आता खाली मुरलेल्या पाण्याला वाट देईना. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जुन्या शहरातील तळघरांत पाणी भरू लागले, आणि ते पंपांनी सतत उपसून बाहेर टाकण्याची व्यवस्था प्रशासनाला करावी लागली. पाण्याच्या दुष्काळाचा शाप असलेल्या नगरीत पाणी हे घरात शिरणारे संकट झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जोधपूरच्या ‘स्कूल ऑफ डेझर्ट सायन्सेस’ने शहराच्या पारंपरिक जलस्थानांची पाहणी केली, तेव्हा त्यांची संख्या सुमारे दोनशे भरली होती. त्यांतील कित्येक आज पाण्याने भरलेली आहेत, परंतु ते पाणी पिण्याजोगे नाही. २०१० च्या दशकात तूरजीचा झालरा गाळ उपसून स्वच्छ करण्यात आला आणि तो पुन्हा देखणा झाला. मात्र तो पाहण्याचे स्थळ म्हणून परतला, पाणवठा म्हणून नव्हे.

दुसरा परिणाम आगोराचा आहे. जोधपूरच्या पाण्याचा आगोर आता मेहरानगढच्या टेकड्यांवर नाही, तो पंजाबात आणि हिमाचलात आहे. लुधियानाच्या कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी बुढ्ढा नाल्यातून सतलजेत, आणि सतलजेतून हरिकेकडे येते. मे २०१८ मध्ये एका साखर कारखान्यातील मळी बियास नदीत शिरली, मासे मेले आणि काळपट पाणी कालव्यातून राजस्थानात पोहोचले. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने नद्यांच्या प्रदूषणाबद्दल पंजाब सरकारला ५० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आगोरात पादत्राणे घालून जाऊ नये, हा नियम ज्यांनी पाळला त्यांना तो आगोर रोज डोळ्यांसमोर दिसत होता. जो आगोर शेकडो किलोमीटर दूर आहे, त्याच्याविषयी जोधपूरच्या नागरिकाजवळ कोणताही आचार नाही. त्याच्याजवळ फक्त गाळणी आहे. आणि तुरटी, वाळू व क्लोरीन यांची गाळणी कारखान्यांतून येणाऱ्या सर्व द्रव्यांसाठी घडवलेली नाही.

अंतराबरोबर अनिश्चितीही वाढली. कालव्याच्या दुरुस्तीसाठी उन्हाळ्याच्या तोंडाशी ‘नहरबंदी’ होते, तेव्हा कित्येक आठवडे शहर कायलाना आणि तखतसागरातील साठ्यावर दिवस काढते. तळ्यात पाणी किती दिवस पुरेल, हा नैणसीच्या विगतीतील प्रश्न अशा वेळी जसाच्या तसा परत येतो. एप्रिल २०२२ मध्ये जवाई धरण आटल्याने पाली शहराला पाणी पुरवण्यासाठी जोधपूरहून पाण्याच्या आगगाड्या सोडाव्या लागल्या. ज्या धरणाने जोधपूरला दीर्घकाळ पाणी पाजले, त्याच्याच परिसराला जोधपूरने सतलज-बियासचे पाणी पाठवले. मराठी वाचकाला येथे एप्रिल २०१६ मधील मिरज-लातूर पाणीगाडी आठवणे स्वाभाविक आहे. त्या गाडीच्या टाक्या राजस्थानातील कोटा येथे वाफेने धुऊन पाठवण्यात आल्या होत्या. मरुभूमी आणि मराठवाडा यांना जोडणारी ही एक वेगळीच रेषा होय.

७

आगोर आणि गाळणी यांच्यात निवड करण्याचा प्रश्न इतिहासाने मोकळा ठेवलेला नाही. आगोराची शिस्त एकटी पुरेशी नव्हती, हे नारूने आणि छपनियाने सिद्ध केले आहे. गाळणी एकटी पुरेशी नाही, हे २०१८ च्या काळ्या पाण्याने आणि जुन्या शहरातील भिजलेल्या तळघरांनी दाखवले आहे. प्रश्न उरतो तो असा : आगोर इतका विस्तारला असता त्याच्याविषयीचे कर्तव्य कोणत्या भाषेत सांगायचे?

सीताराम लाळस यांच्या ‘राजस्थानी सबद कोस’सारख्या प्रचंड कोशकार्याने मारवाडी शब्द जतन केले आहेत, आणि लोककथांच्या संग्राहकांनी त्यांचे वापरही. परंतु कोशात जतन झालेला शब्द आणि आचारात जिवंत असलेला शब्द यांत तेवढाच फरक असतो, जेवढा आज स्वच्छ केलेल्या झालऱ्यातील पाण्यात आणि पेयजलात आहे. ‘आगोर’ या शब्दाने जमीन, पाणी आणि माणसाचे वर्तन एका नात्यात बांधले होते. ‘पाणलोट क्षेत्र’, ‘कच्चे पाणी’, ‘शुद्धीकरण’ या आधुनिक संज्ञांनी ते नाते तीन खात्यांत वाटून टाकले. प्रशासनाच्या दृष्टीने ती वाटणी सोयीची असेल. पण लुधियानातील नाला आणि जोधपूरमधील नळ यांना एका वाक्यात आणणारा शब्द त्या परिभाषेत नाही. लवादाच्या निकालाला जे दंडाच्या भाषेत सांगावे लागले, ते जुन्या भाषेत एका शब्दात मावत होते.

चिडियानाथाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचता येते. तिच्यात टंचाईचे मूळ पावसात शोधलेले नाही; झऱ्याजवळ राहणाऱ्याला न विचारता झरा घेतल्यात शोधले आहे. जोधपूरने गेल्या दीडशे वर्षांत आपल्या पाण्याचा झरा कितीतरी दूर नेला आहे. तेथे कोण राहते, तेथे काय सोडले जाते, आणि त्याचा जाब कोण कोणाला विचारणार, हे प्रश्न मात्र गडाच्या पायाइतकेच जुने आहेत.